खरी जागा

"खरी जागा सांगल्याशिवाय आज हो उंबरो ओलांडूचो नाय," असं म्हणून मी दारातच फतकल मारून बसले.

अच्युत हातात ओली गोणी घेऊन उभा होता. गोणीत कांदळाच्या पानांखाली जिवंत सुंगटं होती, म्हणजे कोळंबी. गोणी जराशी हलली तरी आतून चुरचुर आवाज यायचा. बाहेर नुकतं कुठे उजाडत होतं. अमावास्येचं उधाण, त्यामुळे खाडीचं पाणी पार तळाला गेलेलं, आणि भरती लागायच्या आत त्याला पोचायचं होतं. अशा वेळी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, निघालेल्या माणसाला अडवणं म्हणजे मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्याला मांडवाच्या दारात अडवण्यासारखं. तो या पायावरून त्या पायावर होत होता.

"पुलाकडे जातंय," तो म्हणाला.

"पुलाकडे गेल्यार पायजम्याक चिकल लागता. तुमच्या पायजम्याक कातळावरच्या कालवांची खरड आसता. धुवणारी मी आसंय. माका काय डोळे नाय?"

मी त्याला तोंडावर 'तुमी' म्हणायचे आणि मनात अच्युत. त्याचं बाजारात घड्याळं दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून मुकाट बसायचं आणि रविवारी गळ घेऊन खाडीवर मुकाट बसायचं, असा त्याचा जन्म. स्वभावानं सरळ. गिऱ्हाईकाला कधी फसवलं नाही, जुना पट्टा नवा म्हणून विकला नाही. पण गरवायच्या जागेचा विषय निघाला, की हाच माणूस तोंडावरची माशीही न हलवता खोटं बोलायचा.

तो एकटाच तसा होता असं नाही. आमच्या तरवळ्यात ज्याच्या ज्याच्या हाताला गरी लागली, तो प्रत्येक जण खोटंच बोलायचा. गरवून परत येताना वाटेत कुणी विचारलं, "मिळाला काय?" तर गोणीत शेपट्या आपटत असल्या तरी म्हणायचं, "नाय रे, पाणीच मेल्ला आज." कुठे बसला होतास विचारलं, तर खाडीच्या वरच्या अंगाला बसलेला खालचं अंग सांगायचा. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. कुणी कुणावर रागावत नसे, उलट न विचारता खरी जागा सांगणाऱ्याला लोकांनी खुळ्यात काढलं असतं. जागा म्हणजे ठेवा. बाप मुलाला देईल तर देईल. बायकोला कोण सांगतो? बायको पाणवठ्यावर जाते.

मला त्याचं काही वाटत नसे. पण मागच्याच महिन्यात वैजूला तापात झटका आला होता. आमची वैजू तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. तिला खांद्यावर टाकून मी पुलापर्यंत धावत गेले, कारण अच्युत पूल सांगून गेला होता. पुलावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी खांबाखांबाशी उभी राहून हाका मारत होते आणि पलीकडे जाळं धुणारी पोरं हसत होती. शेजारची प्रभा मागून धावत आली आणि तिला माझ्याकडून घेऊन डॉक्टरकडे गेली म्हणून निभावलं. अच्युत दुपारी आला तो हातभर मासा घेऊन. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही आणि तो मासा कुत्र्यांना घातला.

म्हणून मी त्या सकाळी दारात बसले होते.

"वैजूच्या डोक्यार हात ठेवा," मी म्हणाले.

त्याने बाहेर आभाळाकडे पाहिलं. पाणी कुठवर आलं असेल याचा हिशेब चालला होता. मग गोणी खाली ठेवली, हात पायजम्याला पुसला, झोपलेल्या वैजूच्या टाळूवर ठेवला आणि हळूच म्हणाला, "रांजणघळीत."

आणि एकदा सांगितल्यावर मात्र त्याला राहवेना. मला वाटतं, इतकी वर्षं त्यालाही कुणाला तरी सांगायचंच होतं. सडा, म्हणजे गावामागचं कातळाचं पठार, ओलांडून उतरलं, की खाडीच्या तोंडाशी काळ्या कातळात ती घळ आहे. कातळाला माणसाच्या कमरेइतके खोल रांजणासारखे खळगे पडलेले. भरतीचं पहिलं पाणी त्या खळग्यांत बुडबुडत शिरतं, तेव्हा खालची तांबोशी मासळी तोंड बाहेर काढते. सुंगट शेपटीकडून गरीला लावायचं, म्हणजे ते पाण्यात जिवंत राहतं आणि पाय मारत राहतं. आदल्या दिवशी चार कालवं फोडून टाकलेली असली तर उत्तमच. आणि पहिल्या ओढीला खेचायचं नाही. तांबोशी आधी चाखून बघते.

"पाणी घोट्याक लागला की मी उठतंय," तो म्हणाला. "भाकरेच्या येळेक घरात. आता तरी उठ."

"आणि ही जागा कोणाकोणाक म्हायती आसा?"

"कोणाकच नाय," तो म्हणाला. हे म्हणताना त्याने गोणीची गाठ उगाच सोडली आणि परत बांधली. मी ते पाहिलं, पण तेव्हा मला आपण जिंकल्याचा आनंद होता. मी उंबऱ्यावरून उठले. तो माझ्या अंगावरून उडी मारल्यासारखा गेला.

जरा ऊन वर आल्यावर प्रभा आली. विश्राम कोयंड्यांची बायको. त्यांची पिठाची गिरण आमच्या घरामागे, आणि विश्राम म्हणजे अच्युतचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघं एकाच दिवशी शाळेतून पळाले आणि एकाच दिवशी गरवायला शिकले. पण जागेच्या बाबतीत दोघं एकमेकांशीही खोटंच बोलतात, असं दोघंही छातीला हात लावून सांगायचे.

"तुज्याकडे माजो डबो रवलो काय गो?" प्रभाने विचारलं. "मामान लग्नात दिललो, नाव घातलेलो. सगळा घर शोधलंय."

"माज्याकडे रवलो आसतो तर भरून नसतो पाठवलंय?" मी म्हणाले.

आमच्या दोन घरांत डब्यांची ये-जा चालायचीच. तिच्याकडून कुळथाची पिठी आली की माझ्याकडून त्याच डब्यात आमसुलं जायची. रिकामा डबा परत करायची रीत आमच्याकडे नाही. रिकामा डबा म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखं.

"भावोजी आज गरवूक गेले नाय?" मी विचारलं.

"खंयचे जातत. पाटीत उसण भरली हा. गिरणीत पालथे पडलेत आणि तिठल्यासून माका तेल मागतत." प्रभा हसली. तिला तेव्हा दिवस गेले होते आणि ती कशालाही हसायची.

भाकरीची वेळ टळली. मी तवा उतरवून ठेवला. मग वैजूला भरवलं. मग अंगणात दोनदा जाऊन आले. छपराची सावली पायरीखाली आली तेव्हा मात्र मी वैजूला प्रभाकडे टाकून बंदरावर धावले.

बंदरावर रविवारची माणसं होती. बाळा सारंग होडीत जाळं विणत बसला होता. सगळ्या तरवळ्यात तेव्हा त्याच्याच होडीला इंजिन होतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सारंगानू, होडी काढा. रांजणघळीत चला. ते अजून इले नाय."

सारंग चांगला माणूस. त्याने लगेच हातातलं टाकलं. "घळीत गेलो ह्या तुका कोणी सांगल्यान?"

"तेनीच. सकाळी."

आजूबाजूला जमलेल्यांत कुणीतरी फिसकन हसलं. वाईट मनाने नव्हे, सवयीने. जेट्टीवर गळ टाकून बसलेला म्हातारा बाबुली म्हणाला, "अच्युतान सांगल्यान? मगे घळ सोडून सगळीकडे बघा."

"चेडवाच्या डोक्यार हात ठेवन सांगल्यानी," मी म्हणाले.

"गे बाय," बाबुली मला समजावण्याच्या सुरात म्हणाला, "माज्या बापाशीन मरताना माजो हात धरून माका जागा सांगल्यान. मी सगळो जल्म थंय गरवलंय. शेंगटी सोडून काय लागाक नाय. जागा म्हटली की शपथ लागणा नाय."

माणसं पुन्हा हसली. मी हसले नाही. मी सारंगाच्या सदऱ्याची बाही धरली आणि म्हणाले, "माका म्हायती आसा ते थंय आसत. पाणी चढता, सारंगानू."

सारंगाची पंचाईत झाली. ही गोष्ट नीट कळावी म्हणून सांगते. बंदरापासून पूल खाडीच्या वरच्या अंगाला आणि रांजणघळ खालच्या अंगाला, समुद्राच्या तोंडाशी. होडी एकच. वर जावं तर खाली जाता येत नाही. उधाणाचं पाणी एव्हाना जेट्टीच्या खालच्या पायऱ्या गिळून वर चढत होतं. जायचं तर एकाच बाजूला, आणि आत्ता.

तेवढ्यात विश्राम आला. प्रभाने सांगितलं असणार. केसांवर पीठ, एक हात कमरेवर, तोंड दुखण्याने वेडंवाकडं झालेलं. त्याला पाहून मला रडूच फुटलं. सारंगालाही हायसं वाटलं.

"विश्राम, तू सांग," सारंग म्हणाला. "तुजो दोस्त. ही म्हणता रांजणघळ. खरा काय ता?"

विश्रामने माझ्याकडे पाहिलं. मग जमलेल्या माणसांकडे पाहिलं. बाबुली होता, त्याचे दोन पुतणे होते, शाळेतले मास्तर होते, सोनार होता. तरवळ्यातले झाडून सगळे गरवणारे तिथे गोळा झाले होते आणि सगळे कान देऊन ऐकत होते. विश्रामने ओठांवरून जीभ फिरवली.

"रांजणघळीत कित्या जातलो तो?" तो म्हणाला. "नुसतो गाळ थंय. काळुंदरसुदा लागणा नाय. तुमी पुलाकडे जावा. खांबांच्या मुळात बघा, पाय घसरान पडलो आसतलो."

"भावोजी, तेनी शपथ घेतल्यानी..." मी म्हणाले.

"वयनी, तुमी घाबरू नकात. होडी पुलाकडे जांदे. मी सड्यावरसून चलत जातंय आणि घळ बघून येतंय. तुमच्या मनाक बरा वाटात."

आणि मी त्याला हात जोडले. अजून ते आठवलं की माझं तोंड कडू होतं. पाठ धरलेली, धड उभं राहता येत नाही, आणि हा माझ्या समाधानासाठी सडा चढायला निघाला, असं मला वाटलं. जाताना तो पळायलाच लागला. एका हाताने पाठ धरून तो पळत होता आणि माणसं म्हणाली, बघा, मित्र असावा तर असा.

होडी भरली. सगळे गरवणारे चढले. होडी फटफट करत वर गेली आणि मी जेट्टीच्या पायरीवर बसले. पाणी एकेक पायरी वर येत होतं. पाण्यावर कांदळाची पानं, नारळाची सोडणं, कुणाची तरी तुटकी चप्पल असं काहीबाही तरंगत आत चाललं होतं. माझ्या पायाशी पाणी आलं की मी एक पायरी वर सरकायचे. शेवटी वर सरकायला पायरी उरली नाही. तिथे कुणी बाई माझ्याजवळ येऊन बसली, पण ती कोण हे मला आता आठवत नाही.

होडी परत आली ती रिकामी. खांबांशी काही नव्हतं, वरच्या बांधाशी काही नव्हतं. थोड्या वेळाने विश्रामही सड्यावरून उतरला. गुडघ्यापर्यंत ओला, हात कातळाने सोलवटलेले, ओठ पांढरे. तो माझ्याकडे न बघता सारंगाला म्हणाला, "घळ भरली. आत जावक नाय गावला. हाको मारलंय. कोण नाय थंय."

तरी सारंग उठला. "आता रवलीच खंय दुसरी जागा," तो म्हणाला आणि त्याने होडी खाली वळवली. पण भर भरतीत त्या घळीत होडी शिरत नाही. लाटा कातळावर आपटत होत्या. पाणी उतरायची वाट बघत माणसं तोंडाशी होडी धरून राहिली.

संध्याकाळी, ऊन असतानाच, अच्युत मिळाला. रांजणघळीतच. त्याचा डावा पाय एका खळग्यात, दोन धोंड्यांच्या बेचक्यात घोट्यापर्यंत अडकला होता. वरचा धोंडा तीन माणसांनी पहार लावून हलवला. म्हणजे त्याच्या जोडीला दोन माणसं आणि एक पहार असती, तर तो चालत घरी आला असता. घोट्याची कातडी निघाली होती. बराच वेळ त्याने ओढून पाहिलं असणार. कमरेला बांधलेल्या जाळीत तांबोशी होती आणि ती तेव्हाही जिवंत होती.

सारंगाने मला खोटं सांगितलं नाही. "सकाळी तू म्हणालंस तेवाच इलो आसतो," तो म्हणाला, "तर पाणी तेच्या छातीक लागला आसता. छातीकच." एवढं बोलून तो खाली बसला आणि म्हाताऱ्यासारखा रडला. बाबुलीने त्या दिवसापासून जेट्टीवर बसणं सोडलं. ही दोन माणसं मला आयुष्यभर दोषी वाटली नाहीत. त्यांनी गावच्या रिवाजावर विश्वास ठेवला, आणि तो रिवाज अच्युतनेही पाळला होता. जन्मभर खोटं बोलला आणि ज्या दिवशी खरं बोलला त्या दिवशी मेला. याचा राग मी कुणावर काढायचा?

विश्रामने तिरडीला खांदा दिला. सगळ्यांत जास्त तोच रडला. सुतकात रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचा, वैजूला मांडीवर घ्यायचा. गाव म्हणालं, बिचारा त्या पाठीने सडा चढून गेला, पण नशिबापुढे काय? मीही तेच म्हणायचे.

महिन्याने, पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला, मी कुणाला न सांगता घळीत गेले. मला ती जागा बघायची होती, इतकंच. वैजूची शपथ घालून जी मिळवली ती जागा तरी कशी आहे.

साधी होती. काळा कातळ, कालवांनी भरलेला. खळग्यांत थोडं पाणी साचलेलं आणि त्यात बारकी पिल्लं फिरत होती. ज्या खळग्यात त्याचा पाय अडकला तो मी ओळखला, कारण हलवलेल्या धोंड्याची खालची बाजू अजून पांढरी होती. मी तिथे थोडी टेकले. मग वर पाहिलं तर पाण्याच्या रेघेच्या वर, कपारीत, बसायला केलेली जागा दिसली; त्या संध्याकाळी धोंडा हलवायच्या घाईत ती कुणाच्या नजरेला पडली नसणार. चपट्या दगडावर दुमडलेलं गोणपाट. आणि त्याच्या शेजारी दुसरा चपटा दगड, त्यावरही गोणपाट.

मी दोन्हींकडे पाहत राहिले. मग कपारीत हात घातला. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळून दगडाखाली ठेवलेला स्टीलचा डबा लागला. उघडला, तर आत कोंड्याच्या वाळक्या गोळ्या होत्या, गिरणीतल्या कोंड्याच्या, काळुंदरासाठी लावतात त्या. शिशाचे गोळे होते. आणि अच्युतच्या दुकानातली लहान पितळी चिमटी होती, गरी बांधताना तो वापरायचा ती. मी झाकण उलटं केलं. झाकणावर नाव कोरलं होतं. चि. सौ. कां. प्रभावती हिस मामाकडून.

मी कितीतरी वेळ तिथेच बसले असेन. पाणी घोट्याला लागलं तेव्हा उठले.

येताना सड्यावरून चालताना मला सगळं एकामागून एक दिसत गेलं. घळ दोघांची होती. आणखी कुणाला सांगायची नाही असं दोघांचं ठरलेलं होतं, म्हणून अच्युतने मला जागा सांगितली, पण भागीदार सांगितला नाही. आणि विश्रामला जेट्टीवर माझं वाक्य ऐकताक्षणी कळलं होतं, की मी खरं बोलते आहे. सगळ्या तरवळ्यात त्या एकट्याला कळलं होतं. होडीने तिथे जायला जेमतेम पाव तास लागतो. पण होडीत बाबुली होता, पुतणे होते, मास्तर होते, सोनार होता. सगळे घळीत उतरले असते आणि सगळ्यांनी ते दोन दगड पाहिले असते. म्हणून होडी त्याने पुलाकडे लावून दिली आणि स्वतः तासाची वाट धरली, पाठीत उसण असताना, पळत.

अच्युत मरावा असं त्याला वाटलं नव्हतं. हे मी तेव्हाही जाणून होते, आजही जाणते. त्याला दोन्ही राखायचं होतं, मित्रही आणि जागाही. पण माणूस बुडत असताना ज्याला जागेचा विचार सुचतो, त्याला मी काय म्हणू? मला शिवी सुचत नाही. सुचली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून तांबोशी आणली. महिनाभर घरात मासा शिजला नव्हता. बायका बघत होत्या, पण मी बघू दिलं. नीट साफ केली, हळद-मीठ लावलं, कोकमाचं आगळ घातलं आणि तव्यावर खरपूस भाजली. तो डबा राखेने घासला, धुतला, पुसला. तुकड्या त्यात भरल्या आणि मी कोयंड्यांकडे गेले.

विश्राम पडवीत गिरणीचा पट्टा शिवत बसला होता. प्रभा आतून आली, पोट सांभाळत.

"तुजो डबो," मी म्हणाले.

तिचा चेहरा असा उजळला. "अगे माज्या बाय! मामाचो डबो! खंय मिळालो गो?"

पट्टा शिवणारी सुई थांबली. विश्रामने मान वर केली नाही. त्याच्या मानेवर पीठ होतं आणि पिठाखालून घाम ओघळत होता. मी सांगायलाच आले होते. चांगलं मोठ्याने, आळीला ऐकू जाईल असं. वाक्यं जुळवून आणली होती. पण प्रभा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून माझ्याकडे बघत होती, वैजूला झटका आला तेव्हा तिला उचलून डॉक्टरकडे धावली होती तशीच, काही न विचारणारी. आणि मला एकदम कळलं, की मी बोलले की हा सुटेल. आज रडेल, पाया पडेल, गाव चार दिवस थुंकेल आणि मग विसरेल.

"आमच्या माळ्यार होतो," मी म्हणाले. "जुन्या पातेल्यांत. लक्षातच नाय रवला."

खोटी जागा सांगितली. बघता बघता जमलं मला. तेव्हा विश्रामने मान वर केली.

प्रभाने झाकण उघडलं. "तांबोशी! आणि भाजलेली! अवो, बघा, वयनीन काय आणल्यान."

"माका नको," विश्राम म्हणाला. "पोट बरा नाय."

"नको काय? महिनाभरान तिना हातात मासो घेतल्यान, तो तुमच्यासाठी. खावा."

तिने ताटली आणली. मी पडवीत खांबाला टेकून उभी राहिले. त्याने एक तुकडी उचलली, तोंडात घातली आणि चावत राहिला. गिळवत नव्हती. ताटलीत काटे उरले तेव्हा मी घरी गेले.

चार दिवसांनी डबा परत आला. प्रभाने त्यात नारळाच्या वड्या घातल्या होत्या. तिने रिकामा पाठवलाच नसता. मग मी त्यात आमसुलं घातली. ती सांडगे घाली, मी तळलेले गरे. वैजूच्या लग्नात त्यातून खोबरं आलं, प्रभाच्या नातवाच्या बारशाला माझ्याकडून लाडू गेले. प्रभाला अजून वाटतं, आमचं जमतं ते त्या डब्यामुळे, मामाचा हात चांगला. मी तिला खरं कधी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

रांजणघळ आता सगळ्यांना ठाऊक आहे. कोल्हापूरकडची पोरं रंगीत गळ घेऊन गाड्यांतून येतात, सुंगटाऐवजी रबराचा मासा लावतात. गावातले लोक त्या जागेला अच्युताचा खडप, म्हणजे अच्युताचा कातळ, म्हणतात. विश्राम तिथे परत गेला नाही. इतरत्र गरवतो. आणि वाटेत कुणी विचारलं, तर आता तो खरी जागा सांगतो म्हणे. कुणाचा विश्वास बसत नाही.

अलीकडे प्रभाचे गुडघे गेले आहेत, त्यामुळे डबा घेऊन तोच येतो. ओट्याखाली उभा राहतो आणि डबा पुढे करतो. मी घेते. मागे एकदा डबा हातातून सोडला नाही त्याने.

"वयनी," तो म्हणाला, "एकदा काय ता बोलान टाका. गावासमोर बोला. माज्यान आता होणा नाय."

मी डबा ओढून घेतला. "परवा येवा," मी म्हणाले. "रिकामो कसो देव?"

तो परवा आला. आजही येणार आहे. मी डबा घासून उन्हात पालथा घातला आहे, आणि काय भरावं याचा विचार करते आहे. बाजारात आज तांबोशी चांगली आली आहे म्हणतात.